आबांची कवळी आणि 'सर्वस्वी'

सरकारनं माझ्या वडलांच्या तोंडात एकशे बासष्ट रुपये घातले आणि त्यातले सहा परत काढून घेतले, याची नोंद सांगली आणि सातारा अशा दोन जिल्ह्यांच्या दप्तरांत आहे. आहे म्हणजे, होती. एवढ्या वर्षांत ते कागद वाळवीनं कधीच संपवले असतील. वाळवीला कवळी लागत नाही, आणि तिच्या बिलावर कुणी आक्षेपही काढत नाही.

साल सत्त्याहत्तर. मी एका सरकारी खात्यात कारकून होतो. खातं कोणतं ते सांगत नाही, कारण माझं पेन्शन अजून तिथूनच येतं. नेमणूक सांगलीला, बिऱ्हाड विश्रामबागेत शालूबाईंच्या दोन खोल्यांत. तेव्हाची विश्रामबाग म्हणजे मोकळं रान. गावात सिनेमा बघून परतायला उशीर झाला तर टांगेवाला दुप्पट पैसे मागायचा आणि शिवाय आपल्यावर दया करतोय असा चेहरा करायचा. घरात मी, बायको मुक्ता, दोन मुली आणि आबा.

आबा म्हणजे माझे वडील, हिंदुराव. पलटणीतले निवृत्त हवालदार. आई गेल्यावर पाटणजवळचं गाव सोडून ते आमच्याकडे आले, येताना एक ट्रंक, एक काठी आणि तोंडात पुढचे दोन दात घेऊन. इटलीच्या डोंगरात जर्मन तोफांपुढे ज्यांचं काही हललं नव्हतं, त्यांचे ते दोन दात शालूबाईंनी प्रेमानं पाठवलेल्या भाजणीच्या चकलीपुढे एका दुपारी पडले.

त, थ, द, ध, न ही अक्षरं दंत्य असतात हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण व्याकरण खरं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आबांच्या तोंडून ती सगळी ओळ गेली. जाताना शेजारच्या स-लाही घेऊन गेली. 'सातारा' म्हणायला गेले की नुसती हवा यायची. रोज संध्याकाळी ते गणपती मंदिराकडे जाऊन चार पेन्शनरांत बसायचे, लढाईच्या गोष्टी सांगायचे. ते जाणं बंद झालं. लढाईच्या गोष्टी हवेच्या भाषेत सांगता येत नाहीत. ते ओट्यावर बसायचे, कुणी बोललं की मान हलवायचे आणि दुधात कुस्करलेली भाकरी मुलींच्या नजरेआड बसून खायचे. मला ते बघवेना.

सल्ले मात्र भरपूर मिळाले. शालूबाई म्हणाल्या, "आवं आबा, दात ही जनावराची जात. बैलाचं दात बघून किंमत करत्यात, मानसाची न्हाई." समोरचे निवृत्त शिक्षक म्हणाले, की हा देवानं दिलेला शाकाहाराचा आदेश समजावा. हे ऐकल्यावर आबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेला दात होते. शेवटी आमच्या ऑफिसातला एक जण म्हणाला, "अहो, कवळी बसवा. बिल लावा. अवलंबित आई-वडलांचा खर्च सरकार देतं."

सरकार देतं! माणसाच्या आयुष्यातली निम्मी संकटं या दोन शब्दांनी सुरू होतात.

सायकलच्या दुकानावरच्या माडीत डॉक्टर मगदूमांचा दवाखाना होता. सज्जन माणूस. त्यांनी आबांच्या तोंडात गरम मेणाचा गोळा घातला आणि म्हणाले, "चावा." आबांनी हुकूम म्हणून चावला. पुढचा हुकूम येईना म्हणून सोडला नाही. डॉक्टर आत फोन घ्यायला गेले होते. दहा मिनिटांनी परत आले तर आबा तसेच, डोळ्यांत पाणी, मेण थंड झालेलं. पण माप असं पक्कं आलं, की तशी कवळी आपण आयुष्यात बसवली नाही, असं डॉक्टर नंतर सगळ्यांना सांगायचे.

पंधरा दिवसांनी कवळी आली. वरची, खालची, गुलाबी हिरड्यांसकट. आबांनी ती बसवली, आरशात बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "सातारा." मग जरा थांबून, "दिनकर दत्तात्रय." हे कोण ते मला आजही ठाऊक नाही. बहुधा महिनाभर हे नाव त्यांच्या घशात अडकलं असावं.

पतपेढीतून कर्ज काढून मी पैसे भरले आणि बिल लावलं.

आमच्या सांगली ऑफिसात वैद्यकीय बिलं आवटी नावाचे गृहस्थ बघायचे. कुणाचं वाईट चिंतणारा माणूस नव्हता. पण कागद समोर आला की त्याला त्यात एखादं भोक सापडल्याशिवाय जेवण जायचं नाही. आठ दिवसांत माझं बिल परत आलं. आक्षेप : 'पावतीवर "एक संच" असे नमूद आहे. संच म्हणजे किती नग, याचा खुलासा व्हावा.' मी डॉक्टरांकडून लिहून आणलं : नग दोन, दात अठ्ठावीस. पुन्हा परत. 'दात सरकारी दवाखान्यात का बसवले नाहीत?' सरकारी दवाखान्यात त्या काळी दात काढून मिळत, बसवून मिळत नसत, हे आवटींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांच्या स्वतःच्या दोन दाढा तिथंच गेल्या होत्या. पण नाही म्हटल्याचाही दाखला लागतो. तो आणायला मला तीन खेपा पडल्या, कारण जी गोष्ट आपण करत नाही ती करत नाही असं लिहून द्यायला कुणी मोकळं नसतं.

तिसरा आक्षेप मात्र मी अजून विसरलो नाही. 'नवीन वस्तू मंजूर करण्यापूर्वी जुनी निकामी वस्तू जमा केल्याचे दिसून येत नाही.'

"आवटी," मी म्हणालो, "हे काय टेबल-खुर्ची आहे?"

"मला ठाऊक आहे हो," आवटी शांतपणे म्हणाले. "पण उद्या ऑडिटवाला विचारेल, की जुने दात कुठं गेले, तर मी काय सांगू?"

मी घरी येऊन विचारलं. आबांनी ट्रंक उघडली. मेडलांच्या शेजारी एका काड्यापेटीत दोन्ही दात ठेवलेले होते. "देतो," ते म्हणाले, "पर पावती आन." आवटींनी काड्यापेटी उघडली, लगेच मिटली आणि आक्षेप मागे घेतला. वर मला चहा पाजला.

आता बिल पास होणार, एवढ्यात माझी बदली झाली. साताऱ्याला.

इथून पुढचे दोन महिने माझं बिल माझ्यापेक्षा जास्त हिंडलं. सांगली म्हणे, कर्मचारी आता तुमचा, बिल तुम्ही द्या. सातारा म्हणे, दात तुमच्या हद्दीत बसले, बिल तुम्ही द्या. मी रजा काढून एसटीनं सांगलीला जायचो, कराडच्या स्टँडवर भजी खायचो, आवटींच्या पुढ्यात बसायचो आणि संध्याकाळी परत यायचो. गाडीभाड्यात आणखी एक कवळी झाली असती, असं मुक्ता म्हणायची. पण आता तो पैशाचा प्रश्न राहिला नव्हता. सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या बिलांवर शेरे मारले होते. माझं एक बिल मला पास करून घेता येत नाही, म्हणजे माझ्या नोकरीला काय अर्थ उरला?

अखेर साताऱ्यानं बिल स्वीकारलं आणि स्वीकारता स्वीकारता शेवटचा आक्षेप काढला. अवलंबित्वाचा दाखला जोडलेला नाही. नमुना सोबत होता. वडलांनी सही करायची : 'मी माझा मुलगा श्री. मानसिंग हिंदुराव यांच्यावर सर्वस्वी अवलंबून आहे.'

मी तो कागद आबांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला.

"सर्वस्वी म्हंजे?"

"पूर्णपणे. तो नुसता नमुना आहे, आबा."

"माझं पेन्शन हाय. गावाकडं शेताचा वाटा हाय. मी कुनावर अवलंबून हाय रं?"

"नियमापुरतं लिहायचं. तुमचं पेन्शन त्यांच्या आकड्याच्या खाली बसतं."

"मग आसं लिव, मी अन् माझं पोरगं एका घरात ऱ्हातो. त्यावर सही देतो. दोन देतो." कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सरकारची रायफल संबाळलीया मी. त्या सरकारला मी लिवून देऊ, की मी पोराच्या जिवावर जगतोय?"

विषय संपला. आबांचे विषय असेच संपायचे. परेड बरखास्त.

साताऱ्याला आम्हाला सरकारी क्वार्टर मिळालं होतं. शेजारी नानासो शिंगटे राहायचे. ट्रेझरीत हेडक्लार्क, आणि नियमांचे असे जाणकार की देवाची आरतीसुद्धा ते पोटकलमं असल्यासारखी म्हणायचे. मी त्यांना विचारलं, 'सर्वस्वी' एवढा शब्द काढता येईल का?

"छे! 'सर्वस्वी' काढला तर तो नमुनाच राहत नाही."

"पण वडील सही करत नाहीत."

नानासोंनी अडकित्त्यात सुपारी धरली. "मी काही सांगत नाही. मी असं काही कधी केलेलं नाही, कुणाला सांगितलेलं नाही. मी आपलं एवढंच म्हणतो, की म्हाताऱ्या माणसाची सही जरा हललेली असते. उजव्या हातानं ती तशी येत नाही."

सुपारी कट्कन तुटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कुणी नसताना, मी डाव्या हातानं वडलांची सही केली.

करताना काही वाटलं नाही. कागद वर गेल्यावर वाटायला लागलं. खोटी सही म्हणजे काय असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्याच ऑफिसातला एक जण असल्याच कारणावरून घरी गेला होता, त्याच्या फायलीवर दोरी मी बांधली होती. मी रोज ठरवायचो, उद्या कागद मागे घेऊ. आणि त्या 'उद्या'ला संप सुरू झाला.

डिसेंबर सत्त्याहत्तरचा तो संप. राज्यभरच्या सरकारी ऑफिसांना कुलपं. मी गेटाबाहेर उभा राहून मूठ वळून घोषणा द्यायचो, "कुलूप निघणार नाही!" आणि मनात म्हणायचो, निघू दे रे देवा, पाच मिनिटांपुरतं निघू दे, आत माझा कागद आहे.

आठवडा झाला, दोन झाले, महिना गेला. पगार नाही. वाणी बोलायचा गोडच, पण डबा भरताना हात आखडता घ्यायला लागला. पतपेढीचं कर्ज डोक्यावर. मुक्तानं एकदा तांदळाचा डबा हलवून बघितला, तो आवाज आबांनी बाहेरच्या खोलीत ऐकला. त्या महिन्याचं पेन्शन त्यांनी आणलं ते सरळ तिच्या हातात ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गावी गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टँडवर घ्यायला गेलो, तर एसटीच्या टपावरून तांदळाचं पोतं उतरवून घेत होते. पोतं मला उचलू देईनात. "तू संपावर हायस न्हवं? मग काम करू नगंस," म्हणाले. पोत्याच्या मागे नाचणीची पिशवी, काकवीचा डबा आणि एक जिवंत कोंबडी होती. कोंबडी मी धरली. तिनं मला सगळ्या रस्त्यानं चोचीनं मारलं.

चोपन्न दिवस चालला तो संप. चोपन्न दिवस आम्ही आबांच्या पेन्शनवर आणि आबांच्या भातावर जगलो. पंगतीला बसलं की ते नव्या दातांनी नाचणीची भाकरी कुडुमकुडुम चावायचे आणि मुलींना इटलीची गोष्ट सांगायचे. मी मान खाली घालून जेवायचो. सकाळी मोर्चाला निघालो की माझ्या चपलेवर एक नाणं ठेवलेलं असायचं. चहासाठी. एका शब्दानं ते कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. घास गिळताना सारखी आठवण यायची, की तिकडे कुलपाच्या आत एका फायलीत हाच माणूस माझ्यावर सर्वस्वी अवलंबून आहे, आणि त्याची सही माझ्या डाव्या हाताची आहे.

संप मिटला. आम्ही कामावर गेलो. मी आधी माझी फाईल शोधली. ती साहेबांच्या टेबलावर गेली होती.

धामणकर साहेब कोकणातले, नवीनच आलेले, कमी बोलणारे. मार्च उजाडला, आणि मार्चात कुठल्याही ऑफिसला जसा जोर येतो तसा आमच्याही ऑफिसला आला. उरलेलं अनुदान एकतीस तारखेच्या आत खर्ची टाकायचं. वर्षभर अडलेली बिलं धडाधड सुटू लागली. मला वाटलं, या गर्दीत आपलंही सुटेल. साहेबांनी मला आत बोलावलं.

"तुमचे वडील मिलिटरीत हवालदार होते?"

"हो साहेब."

त्यांनी दोन कागद शेजारी ठेवले. एक आबांच्या पेन्शन पुस्तकाची नक्कल, मीच जोडलेली. तिच्यावरची सही सावधान उभी होती. दुसरा तो दाखला. त्याच्यावरची सही न्यूमोनियातून नुकतीच उठली होती.

"सही जुळत नाही," साहेब म्हणाले. "उद्या वडलांना घेऊन या. दातही बघावे लागतील. शेरा आहे, प्रत्यक्ष पडताळणी करावी."

मी ठरवलं, आबा आजारी आहेत म्हणून सांगायचं. पण साहेबांनी आमचा शिपाई केरबा याला आधीच क्वार्टरवर पाठवलं होतं. मी घरी पोचलो तेव्हा केरबा ओट्यावर बसून चहा पीत होता.

"आवं आबा, सायबांनी तुमाला उद्या बोलावलंया. दात बी घिऊन या म्हनल्यात."

"दात घरात ठिवून मी कुटं जातो व्हय रं?" आबा म्हणाले. ते खुशीत होते. त्यांना वाटलं, साहेबांना कवळी आवडली.

सकाळी त्यांनी ट्रंकेतला काळा कोट काढला, मेडलं लावली, फेटा बांधला. मुक्तानं कवळी स्वच्छ घासून दिली. मी रस्त्यानं सांगायचं ठरवलं होतं. पोस्टासमोर म्हणालो, "आबा, एक सांगायचं होतं." तर समोरून त्यांच्या पलटणीतला कुणी भेटला. पुढच्या वळणावर पुन्हा म्हणालो, "आबा, त्या कागदाचं..." तर ते म्हणाले, "कागदाचं तू बग, दाताचं मी बगतो." तिसऱ्यांदा तोंड उघडलं तोवर ऑफिसचं गेट आलं.

आत गेल्यावर आबांनी कडक सलाम ठोकला. साहेब अर्धवट उठले. दारात नानासो उभे. ट्रेझरीत मार्चची एवढी धांदल, तरी त्यांना आजच आमच्या ऑफिसात काम निघालं होतं. केरबा पाण्याचा पेला घेऊन खांबासारखा थांबला.

"बसा. दात दाखवता का जरा?"

आबांनी पाठ न वळवता, भर ऑफिसात, वरची आणि खालची कवळी काढली, रुमालावर ठेवली आणि रुमाल साहेबांच्या टेबलावर सरकवला. साहेबांनी लांबूनच पावतीशी ताडून बघितलं. नग दोन.

"नाव सांगा तुमचं."

आबांनी नाव सांगितलं. नुसता वारा आला. साहेबांनी पुन्हा विचारलं, पुन्हा वारा. टेबलावरचा एक कागद उडाला. नानासो खोकले.

"घाला, घाला परत," साहेब घाईनं म्हणाले. आणि मग तो दाखला त्यांनी आबांच्या पुढे धरला. "ही सही तुमचीच का?"

मी कपाटाला धरून उभा राहिलो. सोळा वर्षांची नोकरी, क्वार्टर, मुलींची शाळा, सगळं मला त्या कपाटाच्या मुठीत आल्यासारखं वाटलं.

आबांनी चष्मा लावला. सही बघितली. मग वर माझ्याकडे बघितलं, फार वेळ नाही, ओळखपरेडीत बघतात तेवढंच. मग त्यांनी कागद हातात घेतला आणि वरपासून मोठ्यानं वाचला. एकेक अक्षर, नव्या दातांनी, स्वच्छ.

"मी, माझा मुलगा, श्री. मानसिंग हिंदुराव, यांच्यावर, सर्वस्वी, अवलंबून आहे." वाचून कागद खाली ठेवला. "व्हय साहेब. सही माझीच हाय."

"मग अशी का आली? पुस्तकावरची तर चांगली आहे."

"असल्या कागदावर सही करताना हात थरथरायचाच की, साहेब."

केरबाच्या हातातला पेला तसाच राहिला. साहेबांनी एकदा कागदाकडे, एकदा मेडलांकडे बघितलं.

"आणि हे खरं आहे? मुलगाच तुमचं सगळं बघतो?"

आबा उठून उभे राहिले. या प्रश्नाचं उत्तर बसून द्यायचं नाही असं त्यांना वाटलं असावं.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "त्योच पोसतो मला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. पुढे एकतीस मार्चला पैसे हातात पडले. कवळीचा ब्रश आणि डबी ही औषधात मोडत नाहीत म्हणून सहा रुपये कापले होते. मी ते कापलेलं कुणाकडे मागितलं नाही.

पण ते नंतरचं. त्या दुपारी ऑफिसातून बाहेर पडलो आणि पोवई नाक्याकडे चालू लागलो. ऊन चांगलंच चढलं होतं. आबा काठी टेकत पुढे, मी एक पाऊल मागे. बोलायला गेलो तर माझ्याच तोंडातून ती दंत्य ओळ नाहीशी झाली होती.

नाक्यावर ते थांबले. फुटाण्यांच्या गाडीवरून दोन पुड्या घेतल्या, पैसे त्यांनीच दिले. एक पुडी मला दिली.

"आबा, माझं चुकलं."

"चुकलं तर." त्यांनी फुटाणा तोंडात टाकला, चावला. "इचारलं असतंस तर मी परत न्हाईच म्हनलो असतो. तवा न इचारता केलीस, ते एक मी समजू शकतो. पर डाव्या हातानं? चांगल्या उजव्या हातानं करायची, ताठ. लोकांस्नी काय वाटंल, हवालदाराला सही येत न्हाई?"

मी रडत होतो, की उन्हानं डोळे भरले होते, सांगता येत नाही. ते दुसरीकडे बघत होते, म्हणजे त्यांनाही सांगता येत नसावं. मग एकाएकी त्यांचा चेहरा खुलला.

"मान्या, तुझ्या साहेबाला बी वरची कवळी हाय रं."

"काय सांगता!"

"बोलताना टकटक वाजती. माप चुकलंय. मगदूम डाक्टरचा पत्ता दे त्येला."

"त्यांनी बिल लावलं असेल का हो?" माझ्यातला कारकून तेवढ्यातही जागा झाला.

आबांनी पुडीतले शेवटचे फुटाणे तळहातावर घेतले, फुंकर मारून टरफलं उडवली.

"गड्या, त्येच्यापायी खोटं बोलनारं घरात कोन असंल का न्हाई, काय ठावं," ते म्हणाले, आणि चालायला लागले.